अप्पारावांचे पोचट सेल

घरातली एखादी वस्तू बंद पडली की अप्पारावांना आनंद व्हायचा. हे चांगल्या माणसाचं लक्षण म्हणावं का? पण होतं तसं, त्याला काय करणार! मिक्सर जरा गुरगुरला की हे हातातला चहा तसाच ठेवून स्वयंपाकघरात हजर. डोळे मिटून, कान लावून उभे. चिकलठाण्याच्या कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी मेंटेनन्समध्ये काढली होती, आणि तिथं त्यांचं नाव होतं ते त्यांच्या कानासाठी. मोटर न उघडता नुसत्या आवाजावरून सांगायचे, "बेअरिंग चाललीय. आठ दिवस ढकलंल, नवव्या दिवशी बोंबलंल." आणि नवव्या दिवशी मोटर बोंबलायचीच. साहेब लोक आधी हसायचे, मग नवव्या दिवशी त्यांनाच हुडकत यायचे. रिटायर झाल्यावर मात्र मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत ऐकायला मोटरी उरल्या दोन, एक फ्रिजची अन् एक पंख्याची. अन् दोन्ही मेल्या ठणठणीत चालायच्या!

"करमत नसंल तर माझा बीपी ऐका," मनकर्णाबाई म्हणायच्या. या त्यांच्या मंडळी. माहेर फुलंब्रीकडचं, जीभ तिखट, आणि बीपीचं मशीन कायम पिशवीत.

अशा या रिकाम्या माणसाला काम दिलं ते लेकीनं. अमृता सत्तावीस वर्षांची, लग्नांचे फोटो काढायची. कॅमेरा जुना घेतलेला पण जिवापाड जपलेला. त्यावर बसवायचा मोठा फ्लॅश, आणि त्या फ्लॅशच्या पोटात चार पेन्सिल सेल. कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरी दिवसभर पुरायची, पण हा फ्लॅश म्हणजे नुसता बकासुर. एका लग्नात बारा-बारा सेल फस्त! एकदा अमृता सहज म्हणाली, "पप्पा, लग्नात माझ्यामागं बॅग घेऊन थांबाल का? सेल बदलायला मला हात रिकामा नसतो." ती सहज म्हणाली हो, पण इकडं अप्पारावांनी त्याच दुपारी पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला.

पुढची दोन वर्षं काय विचारता! अमृताचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला असायचा. मागं वळून न बघता ती नुसता डावा तळहात मागं करायची. अप्पाराव त्यावर चार भरलेले सेल ठेवायचे आणि तिनं फ्लॅशमधून काढलेले संपलेले चार परत घ्यायचे. मध्ये एक शब्द नाही. हात मागं यायच्या आधीच त्यांना कळलेलं असायचं, कारण फ्लॅश पेटला की पुढच्या वेळेसाठी तयार होताना बारीक शिट्टी घालतो, कुंई. सेल भरलेले असले तर शिट्टी एवढुशी. सेल थकले की शिट्टी लांबते, कुंईंईंईं. तुम्हाला-मला ती ऐकूसुद्धा येणार नाही, पण अप्पारावांच्या कानाला ती वऱ्हाडाच्या गलबल्यातही ऐकू यायची.

"डॉक्टरनं हात केला की नर्सनं कात्री द्यायची, तसं असतंय ते," ते घरी येऊन सांगायचे.

"म्हंजे तुमी नर्स."

"व्हय, नर्स! मग?"

आणि माणूस खरंच खूश होता. एकतीस वर्षांत कंपनीनं एक घड्याळ आणि एक शाल दिली होती. त्या काळ्या बॅगेनं त्यांना रोज सकाळी उठायचं कारण दिलं.

पण दर लग्नानंतर संपलेल्या सेलांचा डबा भरायचा आणि तो बघून अप्पारावांचा जीव तीळ तीळ तुटायचा. हे काही खरं नाही, चार्जिंगचे सेल घ्यायचे, असं त्यांनी ठरवलं. अमृताकडं कॅमेऱ्यासोबत आलेले चार जुने चार्जिंगचे सेल होते, सेलात किती वीज मावते तो आकडा त्यांच्यावर लिहिलेला होता, २०००. तो आकडा पाठ करून अप्पाराव पैठण गेटला गेले. तिथं रस्त्याकडेच्या एका गाड्यावर चकचकीत हिरवे सेल लावलेले, आणि त्यावर ठळक छापलेलं: ९९००.

"ले जाव चचा," गाडीवाला म्हणाला. "एक बार भरो, चार शादियां निकालो."

दोन हजारवाला सेल अर्धं लग्न काढतो, तर नऊ हजार नऊशेवाला किती काढेल? अप्पारावांनी उभ्या उभ्या मनातल्या मनात गुणाकार केला आणि हर्षानं त्यांना घामच फुटला. बारा सेल घेतले. त्याच गाड्यावरचा एक चार्जरही घेतला, कारण तो भजी तळायच्या वेळात सेल भरतो असं त्या भल्या माणसानं सांगितलं. आयुष्यभर विजेत हात घातलेला माणूस, पण आकडा मोठा दिसला की आपण सगळेच फशी पडतो.

मग आलं चितेगावचं लग्न. दिवस मोठा पण हॉल अंधारा. पंचशील झालं, पांढऱ्या कपड्यातल्या नवरा-नवरीनं हार उचलले, अमृतानं बटण दाबलं, आणि फ्लॅश पेटलाच नाही. तळहात मागं आला. अप्पारावांनी चार ९९०० ठेवले. फ्लॅश एकदा पेटला, दुसऱ्यांदा पेटला, आणि कुंईंईंईं करत बसला तो बसलाच. परत तळहात. परत चार. त्यांचीही तीच रड! तोवर हार गळ्यात पडले, फुलं उधळली, "साधू, साधू, साधू" झालं, आणि फोटोत काय आलं? मिट्ट काळोखात एक पांढरी कॉलर आणि एक पांढरा पदर. अमृता हात जोडून म्हणाली, "तेवढं हार घालायचं एकदा परत केलं तर…"

नवरीचे मामा गरजले, "बाई, आमच्यात लगीन एकदाच लागतं!"

अख्खा हॉल हसला. अमृताही हसली. पण तिचे कान लालबुंद झाले होते आणि ते फक्त तिच्या बापानं बघितलं.

लग्न उरकून दोघं घरी आली. दारात चपला काढताना तिनं त्यांच्या खांद्यावरची बॅग हळूच उतरवून घेतली. "पप्पा, पुढच्या वेळेपासून बॅग मीच घेते. तुम्ही आराम करा."

आराम करा! अहो, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडली असती, रुसली असती, तर यांनी समजूत काढली असती. पण आराम करा म्हटल्यावर माणसानं काय करायचं? अप्पाराव पंख्याखाली बसले. पंखा ठणठणीत फिरत होता. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते शर्टाच्या बाहीत पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माणूस उठला तो इरेला पेटूनच. जमिनीवर पेपर पसरला, बारा सेल ओळीत मांडले, मीटर लावलं. मीटर म्हणतं, सगळं ठीक! एकेका सेलला व्होल्टेज जिथल्या तिथं. अप्पाराव डोकं खाजवू लागले. कंपनीत मीटर कधी खोटं बोललं नव्हतं. शेजारी मनकर्णाबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. भुसा पेपरावर उडू नये म्हणून त्यांनी एक सेल उचलून बाजूला ठेवला, आणि तिथंच थांबल्या. परत उचलला. तळहातावर झेलून बघितला.

"अहो, ह्यो पोचट हाय."

"सेल पोचट नसतो, मनकर्णे. दाणा पोचट असतो. तुला त्यातलं कळत नाय."

"मला सेलातलं कळत नाय, पर पोचटातलं कळतं. आन तो पोरीचा जुना, घ्या ह्या हातात. अन् ह्यो हिरवा घ्या त्या हातात. आता डोळं मिटा."

अप्पारावांनी डोळे मिटले. दोन्ही तळहात पुढं. आणि मग, खोटं कशाला सांगू, त्यांचं तोंड उघडं पडलं ते बराच वेळ उघडंच राहिलं. अमृताचा २०००वाला हातात भरीव लागत होता. तो ९९००वाला जणू नव्हताच! मीटरनं फक्त सेलात जोर आहे का ते सांगितलं होतं, तो जोर टिकणार किती ते नाही सांगितलं. आत मालच नाही तर टिकणार काय कपाळ?

"वरून टपोरं, आत फोल," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि पाखडायला लागल्या. "माझी आई असती तर तुमाला सेलासकट सुपातून उडवलं असतं."

पण अप्पाराव पडले मेंटेनन्सवाले. अंदाजावर थांबतील तर शपथ. तडक गेले सराफ्यात, ओळखीच्या गोकुळशेठकडं. काचेच्या पेटीतला बारीक काटा, समोर बांगड्या बघायला आलेल्या बायका, आणि हे खिशातून रुमाल काढतात.

"काय मोडायचंय?" गोकुळशेठनं विचारलं.

"मोडायचं काय नाय. वजन करायचंय." आणि रुमालातून निघाले दोन पेन्सिल सेल!

बायका फिस्सकन हसल्या. पण गोकुळशेठ सराफ होते, काट्यावर काय ठेवतात याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. जुना सेल भरला सत्तावीस ग्रॅम. हिरवा नऊ हजार नऊशेवाला भरला पंधरा.

"अप्पाराव," गोकुळशेठ गंभीर होऊन म्हणाले, "तुमाला पोकळ दागिना दिलाय कुणीतरी. वरून मुलामा, आत लाखसुद्धा नाय." मग त्यांनाच राहवलं नाही. ड्रॉवरमधला एसीचा रिमोट काढला, त्यातले सेल उपसले आणि तेही काट्यावर ठेवले. बांगड्या बघणारी एक बाई म्हणाली, माझ्या टॉर्चातले पण उद्या घेऊन येते. दुकानात नुसती जत्रा झाली.

आता स्वस्त आणि परवडणारं यात किती अंतर असतं ते अप्पारावांना कळलं होतं. सिडकोत सुलेखाताईंचं फोटोच्या सामानाचं दुकान आहे. तिथं दोघं नवरा-बायको गेले. अप्पाराव प्रश्नांची यादी घेऊन, आणि मनकर्णाबाई नुसता तळहात घेऊन. सुलेखाताईंनी पाकिटं समोर मांडली तर या बाईंनी वांगी निवडावीत तसे एकेक झेलायला सुरुवात केली. "हे भरीव. हे बी भरीव. हे जरा हलकं वाटतं." जे हलकं वाटलं त्यावर लिहिलेलं होतं ३६००!

सुलेखाताई बघतच राहिल्या. "काकू, माझ्याकडं कामाला येता का? तो नमुना म्हणून आलाय, मी विकत नाही. अहो, पेन्सिल सेलमध्ये खरा माल दोन हजार, फार तर अडीच हजार बसतो. त्याच्या वर कुणी लिहिलं की समजायचं, आकडा छापायला शाईच लागते फक्त."

मग त्यांनी नीट समजावलं. फोटोवाल्यानं असे सेल घ्यावेत जे एकदा भरले की डब्यात वर्षभर पडले तरी बरेचसे भरलेलेच राहतात, नाहीतर महिन्याभरानं ऐन लग्नात रिकामे सापडतात. चार्जर घ्यावा चार सेलांना चार वेगळे दिवे असलेला, म्हणजे ज्याचं पोट भरलं त्याचा दिवा विझतो आणि बाकीचे जेवत राहतात. आणि भजी तळायच्या वेळात भरणाऱ्या चार्जरच्या नादाला लागूच नये, सेल तापून लवकर मरतात.

"आन भिंतीवरचं घड्याळ, रिमोट?" अप्पारावांनी यादीत बघून विचारलं.

"त्यांना साधेच राहू द्या काका. त्यांना लागतं चिमूटभर. त्यांच्यासाठी कशाला पंगत मांडता? बीपी मशीन, टॉर्च, पोरांची खेळणी, खाणारी तोंडं बघून चार्जिंगचे द्या."

आठ सेल आणि एक चार्जर घेऊन दोघं रिक्षात बसले तेव्हा अप्पाराव इतके फुलले होते की रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, सोयरीक जमली का काय?" घरी येऊन त्यांनी चार सेलांना निळी चिकटपट्टी लावली, चारांना पिवळी. निळे फ्लॅशचे, पिवळे घरचे. आणि नियम केला, की चौघं भावंडं एकत्रच जेवायची, एकत्रच कामाला जायची. भरलेल्यात रिकामा मिसळला की तो एकटा चौघांना खाली ओढतो. मनकर्णाबाईंनी हा नियम मान डोलावून मान्य केला. त्यांच्या दिराच्या घरात नेमकं हेच झालं होतं म्हणे.

मग टॉर्चची परीक्षा. भर सकाळी टॉर्च लावून अप्पाराव त्याच्यासमोर मांडी घालून बसले. हिरव्यांनी तासाभरात मान टाकली. निळे दुपारच्या जेवणापर्यंत जळत होते, वामकुक्षीपर्यंत जळत होते, आणि मनकर्णाबाई ओरडल्या, "आता इझवा ती, देवाला लावल्यागत बसलात!"

संध्याकाळी अमृता आली. अप्पारावांनी निळा संच तिच्यापुढं धरला.

तिनं बघितलंही नाही. कुणाशी तरी फोनवर होती. हातानं फोन झाकून म्हणाली, "पप्पा, मी ऑनलाइन मागवलेत यावेळी. चांगले आहेत. तुम्ही नका काळजी करू, आराम करा."

परत आराम!

पुढच्या रविवारी फुलंब्रीला मनकर्णाबाईंच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न. फोटो अमृताचेच. अप्पाराव या खेपेला पाहुणे म्हणून गेले, पण पांढऱ्या शर्टाच्या खिशात छोट्या डबीत रात्री परत भरलेली निळी भावंडं होती. दोघं पहिल्या रांगेत बसले. अप्पारावांचा हात सारखा खिशावर.

"खिशाला काय पाळणा बांधलाय का?" मनकर्णाबाई कुजबुजल्या. "गप बसा. बोलावलं तर जा. नाय बोलावलं तर जेवून घरी."

बोलावलं नाही तर? हाच तर घोर होता. एकदा का लेकीला बापावाचून करायची सवय लागली, की ती बॅग परत कधी त्यांच्या खांद्यावर यायची नव्हती. ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नवरा-नवरी बुद्धमूर्तीपुढं उभे राहिले. हॉल शांत झाला. त्रिशरण सुरू झालं आणि त्या शांततेत अप्पारावांच्या कानाला ऐकू आलं: कुंईंई. जरा लांब. अजून एक फोटो. कुंईंईंई. ते खुर्चीच्या कडेला सरकले. अमृतानं बॅगेत हात घालून सेल बदलले. नवीन चार. एक फोटो, कुंईंई. दुसरा, कुंईंईंईंई. अरे देवा! नवीन सेल आणि दुसऱ्याच फोटोला गळाठले?

"बेअरिंग चाललीय," अप्पाराव कुजबुजले.

"काय?"

"चार फोटो निघतील. पाचव्याला बोंबलंल."

पंचशील संपलं. हार आणायला कुणीतरी धावलं. एक फोटो झाला. दोन. तीन. अप्पाराव अर्धवट उठले होते आणि मनकर्णाबाईंनी त्यांचा शर्ट मागून गच्च धरला होता. चौथा फोटो. शिट्टी सुरू झाली ती संपेचना. हार आले. नवरीनं हार हातात घेतला. अमृताचा डोळा कॅमेऱ्याला, पाठ इकडं. तिनं मागं वळून बघितलं नाही. मागं कोण बसलंय, बसलंय का नाही, काही बघितलं नाही. फक्त डावा तळहात मागं केला. उघडा.

मनकर्णाबाईंनी शर्ट सोडला. "पळा!"

साठीतला माणूस असा पळाला म्हणता! चार पावलांत पोचले. तळहातावर चार निळे सेल ठेवले, संपलेले काढून घेतले. एक शब्द नाही. अमृतानं सेल बसवून झाकण लावलं. कुंई! एवढुशी शिट्टी. नवरीनं हार घातला, फ्लॅश लखकन पेटला. कुंई! नवऱ्यानं घातला, लखकन. फुलं उडाली, लखकन, लखकन, लखकन! हॉलभर "साधू, साधू, साधू" झालं आणि अप्पाराव मागं उभे राहून इतक्या जोरात साधू म्हणाले की भंतेजींनी वळून बघितलं.

जेवणं झाल्यावर अमृता आईबापाजवळ येऊन बसली. बॅगेतून आपला एक सेल काढला आणि त्यांच्यापुढं धरला. अप्पारावांनी चष्मा वर केला. सेल जांभळा होता, चकचकीत होता, आणि त्यावर छापलेलं होतं: १२०००.

"हसा आता," अमृता म्हणाली.

अप्पारावांनी ओठ घट्ट मिटले. बोलायचं नाही असं ठरवलंच होतं. पण मनकर्णाबाईंनी तो सेल हिसकावून तळहातावर झेलला, आणि झालं! "अगंबाई! खाण तशी माती! बापानं नऊ हजारी पोचट आणला, लेकीनं बारा हजारी!"

मग काय, तिघंही जे हसत सुटले ते थांबेनात. मनकर्णाबाईंना ठसका लागला, अमृतानं डोळे पुसले, वाढपी मुलगा जिलेबीचं ताट घेऊन थबकला. हसता हसता अमृता बापाच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "पप्पा, तुम्ही असाल मागं, असं वाटलं मला. म्हणून हात केला."

अप्पारावांनी वाढप्याच्या ताटातली एक जिलेबी उचलून तिच्या तळहातावर ठेवली. तेवढ्यात कुणीतरी घरच्या मंडळींच्या फोटोसाठी हाक मारली. अमृता उठली, काळी बॅग उचलली आणि त्यांच्या खांद्यावर अडकवली.

"जड आहे हं पप्पा."

अप्पारावांनी पट्टा खांद्यावर नीट बसवला. बॅग भरलेली होती, खांदा खाली ओढत होती.

"आसू दे," ते म्हणाले. "जडच पायजे."